दक्षिणेकडचं तळं

"शनिवारीच?" डेल्माने विचारलं.

"शनिवारीच." ऑरिन टॅकेटने छावणीचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता आणि कोपरे उडू नयेत म्हणून त्यांवर मीठदाणी, मिरीदाणी आणि कॉफीचे दोन मग ठेवले होते. "मासे धरायचा परवाना शनिवारचाच मिळालाय."

शनिवारी दुपारी दोनला त्यांच्या नातवाचं, वेडचं, लग्न होतं. आईबाप गेल्यावर या दोघांनीच त्याला वाढवलेलं. डेल्माला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण ऑरिनने पेन्सिलीने दक्षिणेकडच्या तळ्याभोवती गोल काढला आणि तो पुन्हा गिरवला.

छावणीतल्या तळ्यांवर निवृत्तांनाही मासे धरता येतात. फाटकावर नाव नोंदवून आत जायचं आणि एक वाजायच्या आत नाव कमी करून बाहेर पडायचं. त्यानंतर तिथे तोफांचा सराव असतो. हे ऑरिनला कुणी शिकवायला नको होतं, त्याची सगळी नोकरी तोफखान्यात गेली होती.

"एकपर्यंत परत आलास तर लग्नाला पोचशील," डेल्मा म्हणाली.

"बघू. मासे लागले तर उशीर होईल."

संध्याकाळी वेड जेवायला आला. नकाशा बघून त्याला हसू आवरेना.

"आजोबा, गळाला गांडूळ तरी लावता येतं का तुम्हाला?"

"दाताच्या डॉक्टरला जमतं, मग मला का नाही जमणार?"

दाताच्या डॉक्टरची गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ होती. एकदा एक डॉक्टर तळ्यावर होडीतच झोपला आणि नाव कमी करायचं राहून गेलं. तो सापडेपर्यंत एकही तोफ डागता येईना, ऑरिनच्या तुकडीने संध्याकाळपर्यंत नुसत्या माशा मारल्या.

"त्याच्या नावाने अजून बोटं मोडतो मी," ऑरिन म्हणाला. "मासे धरणारी जातच तसली."

"आणि आता तुम्हीही त्या जातीत," वेड म्हणाला.

तेवढ्यात छावणीकडून एक दणका आला. फळीवरच्या बश्या किणकिणल्या. वेड उठला, त्याने मोरीचा नळ सोडला आणि पाठ करून तिथेच उभा राहिला. युद्धावरून आल्यापासून त्याचं हे असं होतं. दोघं म्हातारी आपापल्या ताटात बघत राहिली.

तो गेल्यावर डेल्माने तोंड उघडलं. "मला कळतंय हं सगळं. कर्नल स्ट्रोबलशेजारी बसायला नको, म्हणून हे सोंग."

स्ट्रोबल हा नवरीचा बाप. एके काळी तो ऑरिनचा साहेब होता. ऑरिनची बढती त्याने अडवली, तेव्हापासून दोघांचं वाकडं होतं.

"तसं समज," ऑरिन म्हणाला.

"पोराच्या लग्नापेक्षा तुझी बढती मोठी?"

ऑरिनने नकाशाची घडी घातली आणि ती खिशात टाकली.

गुरुवारी चर्चमध्ये लग्नाची रंगीत तालीम झाली. चर्च छावणीच्या कुंपणाला लागून होतं. नवरीची आई तिथल्याच आवारात पुरलेली, म्हणून लग्न तिथेच व्हावं असा मुलीचा हट्ट होता आणि वेडने तो आनंदाने मानला होता. पाद्री पहिलं वाक्य बोलला आणि बाहेर तोफ धडाडली. पुढच्या क्षणी वेड दोन बाकांच्या मध्ये अंग चोरून पडलेला होता. उठल्यावर तो नवरीला म्हणाला, "शनिवारी सांभाळेन मी." त्याचे दात वाजत होते.

डेल्मा बाहेर आली तेव्हा ऑरिन गाडीत नकाशा उघडून बसला होता. ती इतकी चिडली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरगं बाकाखाली पडलंय, आणि तू तळी बघत बसलायस? उद्या त्याला काय तोंड दाखवशील?"

"दक्षिणेकडचं बरं," ऑरिन म्हणाला. "झाडी दाट आहे."

शनिवारी तो उजाडताच निघून गेला. डेल्माने फ्रिज उघडला तर गांडुळांचा डबा तसाच आत होता. तिने रागाने दार आपटलं. मग पोशाख काढायला कपाट उघडलं, तर त्याचा काळा सूटही जागेवर नव्हता. तिला जरा धीर आला. आला म्हणायचं म्हातारा भानावर, परस्पर कपडे बदलून येईल. त्याच्या बुटांना आपण काल पॉलिश केलं असतं तर बरं झालं असतं, असंही तिला वाटलं.

दोन वाजले तरी पहिल्या बाकावरची त्याची जागा रिकामीच होती. स्ट्रोबलने एकदा त्या जागेकडे पाहिलं आणि एकदा डेल्माकडे. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाद्रीने सुरुवात केली तेवढ्यात कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावला. दारात एक तरुण शिपाई टोपी हातात घेऊन उभा होता. ती बाहेर गेली.

"मॅडम, मिस्टर टॅकेट अजून बाहेर आलेले नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला. "एक वाजता यायला हवे होते. ते सापडेपर्यंत सगळा सराव बंद ठेवलाय. तुमच्या घरी जाऊन आलो, शेजाऱ्यांनी इथे पाठवलं."

"गाडी?"

"फाट्यावर उभी आहे. गळ गाडीतच पडलाय. तिथून दोन्ही तळ्यांकडे वाटा फुटतात. माणसं आत्ता निघतायत, आधी कुठे पाठवू?"

डेल्माने विचारलं, "गाडीत काळा कोट होता का?"

"नाही मॅडम. नुसता हँगर होता."

तिने मागे वळून उघड्या दारातून आत पाहिलं. वेड ताठ उभा होता. नवरीचे दोन्ही हात त्याने हातात घेतले होते आणि तो शपथ म्हणत होता. त्याचा एकेक शब्द दारापर्यंत ऐकू येत होता.

"उत्तरेकडच्या तळ्यावर," डेल्मा म्हणाली.