जगदेवचं खुराडं

पाया

गुडघाभर झालं, आता पुरे, असं मदतीला आलेल्या फुलसिंगानं दोनदा सांगितलं तरी जगदेवची पहार थांबली नाही. त्यानं कमरेइतका चर खणला आणि नाल्यातले काळे दगड एकमेकांना भिडवून त्यात बसवले. खालून उकरून काही आत शिरता कामा नये.

"पाच कोंबड्या हायेत तुह्या," फुलसिंग घाम पुसत म्हणाला. "त्याईले गढी बांधून राह्यला काय?"

जगदेव हसला नाही. मानमोडीच्या तापाच्या साली एका आठवड्यात दोन पोरं गेली, तेव्हापासून त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

शेजारच्या मळ्यातली सोजरबाई बांधावर उभी होती. तिचा नवरा त्याच तापात गेलेला, मूलबाळ नाही. तिचं लक्ष खुराड्याकडे नव्हतंच. जगदेवचं तिसरं मूल, नुकती पाऊल टाकू लागलेली पोरगी, चुलीपुढच्या राखेत बसली होती. केसांच्या जटा, तोंडाला काजळी, अंगावर चिंधी. नाव धोंडी. दोन गेल्यावर तिसरीला नजर लागू नये म्हणून नाव असंच ठेवतात, ते सोजरबाईला समजत होतं. पण म्हणून पोरीला धोंड्यासारखंच टाकून द्यायचं?

भिंत

बाभळीचे दांडे. दोन दांड्यांमधून करंगळी जाईना.

दाणे कुठून टाकशील, असं फुलसिंगानं विचारलं. जगदेव आतल्या बाजूनं एकेका दांड्यावरून तळहात फिरवत होता आणि कुसळ लागेल तिथं पुन्हा तासत होता. त्याची स्वतःची झोपडी तुराट्यांची होती. कूड वाळून फाटलेला, दाराला गोणपाट.

नाल्यापलीकडच्या झुडपांत यंदा लांडगा राहायला आला होता. रिठदकडच्या शेळ्या गेल्या. केनवडच्या वाटेवर धनगराचं पोर गेलं, आईच्या कुशीतून. आणि रोज दिवस मावळायच्या सुमाराला जगदेव आणि त्याची बायको अंजना रताळ्याच्या वाफ्यातली डुकरं हाकलायला मळ्याच्या त्या टोकाला जात. धोंडी गोणपाटाआड एकटी.

खिडकी

नाही.

जमीन

अंजनानं खुराड्याची जमीन शेणानं सारवली. वाळल्यावर पुन्हा सारवली.

कोंबड्या दोन दिवसांत उकरून टाकतील, असं सोजरबाई तिला म्हणाली. अंजना झोपडीच्या सावलीत काहीतरी शिवत बसली होती. सोजरबाई जवळ येताच तिनं ते मांडीखाली सारलं. हिरवा काठ तेवढा दिसत राहिला. पोरीच्या अंगावर धड झबलं नाही, आणि ही कोणासाठी शिवते आहे, हे सोजरबाईनं विचारलं नाही. विचारून काय होणार होतं?

दार

लोहाराकडून कडी आली. ती जगदेवनं बाहेरून बसवली आणि कडीत अडकवायला खुंटी केली.

"दार इतकं मोठं काहून?" फुलसिंग म्हणाला. "कोंबडी काय घोड्यावर बसून येते?"

"अंजनाले वाकून आत जाता आलं पाह्यजे."

फुलसिंग गेल्यावर सोजरबाई बांध ओलांडून आली. बरेच दिवस मनात घोळवलेलं बोलायचं होतं.

"जगदेवा, कोंबड्याले दगडाचा पाया, अन् पोट्टी तुराट्याआड. काही वाटते का तुले?"

"कोंबड्या अंडे देतात, मावशी. पोट्टी काय देते?"

"मंग मले दे. मी सांभाळतो तिले."

जगदेवनं पहिल्यांदा मान वर केली. धोंडीकडे मात्र पाहिलं नाही. त्या दिशेला पाहायचंच नाही, असं ठरवल्यासारखी त्याची नजर पुन्हा खुंटीवर खिळली.

"राहू दे तिथंच," तो म्हणाला. "टिकली तं टिकली. गेली तं गेली."

सोजरबाई परत फिरली. बापाच्या तोंडून असं ऐकल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता न विचारताच पोरगी उचलून आणायची. मग गाव काय म्हणेल ते म्हणो.

कोंबड्या

दुसऱ्या दिवशी मावळतीला मळ्याच्या टोकाकडून डबा वाजल्याचा आवाज आला. नवराबायको डुकरं हाकलायला गेली होती. सोजरबाईनं पदर खोचला आणि बांध ओलांडला.

झोपडीचं गोणपाट बाजूला झालेलं होतं. आत चूल, मडकं, पोरीची चिंधी. पोरगी नव्हती.

तिनं हाक मारली. कोपऱ्यात पाहिलं, रांजणामागं पाहिलं. कोंबड्या झाकायचं डालगं उपडं पडलं होतं, रिकामं. म्हणजे कोंबड्या तेवढ्या आठवणीनं हलवल्या.

तेवढ्यात नाल्याकडून कोंबडीचं ओरडणं आलं.

सोजरबाई धावली. काठावर, लांडग्याच्या वाटेतच, एका ओळीत पाच खुंट ठोकलेले होते. चार खुंटांना चार कोंबड्या, पायाला दोरी बांधलेल्या, पंख आपटत होत्या. पाचव्या दोरीला नुसती पिसं होती, आणि चिखलात पंज्यांचे ओले, रुंद ठसे.

ती झोपडीकडे वळली, पडली, उठली, खुराड्याला हात टेकून उभी राहिली. कडी लावलेली होती. कडीत खुंटी घट्ट बसवलेली होती.

कोंबड्या तर सगळ्या बाहेर होत्या.

तिनं दांड्यांच्या फटीला डोळा लावला. आत, अंजनाच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याच्या गोधडीवर, धोंडी झोपली होती. तोंड धुतलेलं, केसांना तेल, डोळ्यांत काजळ.