उताराची जागा

"हरलीस तर उद्या भंगारवाल्याला बोलावणार. शब्द दे, आत्या," भाचा विक्रांत म्हणाला.

"दिला," म्हणत आत्याने लाल बॉनेटवरची धूळ पदराने पुसली.

वडिलांचा हा पन्नास वर्षांचा ट्रॅक्टर तिने दोन वर्षं खपून उभा केला होता. इंजिन नव्याने बांधलं, रंग दिला. फक्त किल्लीने इंजिन चालू करणारा सेल्फ कुठे मिळाला नाही. म्हणून तो नेहमी उतारावरच लावायचा आणि घरंगळत चालू करायचा. विशीत ती हाच ट्रॅक्टर असा दामटायची, की समोरचे पुरुष उड्या मारून बांधावर चढायचे. आता त्यांचीच पोरं तिला जपमाळ ओढायला सांगत होती. गाढवं कुठली!

जत्रेतली शर्यत इंजिन बंद ठेवून सुरू व्हायची. तिने सगळ्यांच्या मागची, उतारावरची जागा मागून घेतली. लोक फिदीफिदी हसले. शिट्टी वाजली. बाकीचे किल्ल्या फिरवेपर्यंत तिने ब्रेक सोडला, ट्रॅक्टर घरंगळला, तिने क्लच सोडला आणि इंजिन असं गरजलं, की हसणाऱ्यांची तोंडं धुराने भरली.

रेघ तिनेच आधी ओलांडली. पण थांबायचं नाव नाही! बक्षिसाच्या टेबलावर धूळ उडवत ती तशीच पुढे निघाली.

"आत्या, थांब! जिंकलीस तू! ढाल तरी घे!" विक्रांत ओरडला.

"इथे सपाटीला थांबले आणि इंजिन बंद पडलं तर ढकलणार कोण, तुझा बाप? शाळेजवळच्या उतारावर ये!"

ढाल डोक्यावर धरून विक्रांत धावत सुटला, आणि त्याच्यामागे अख्खी जत्रा.