पाच अठ्ठावन्न

सत्त्याण्णव साली, कुणी दुसऱ्याची हजेरी लावू नये म्हणून, आखातातल्या सित्रा बेटावरच्या कारखान्यात कार्ड घासायचं यंत्र आलं. ते कॉम्प्युटरला जोडता जोडता हेमचंद्र पार थकला. मॅनेजरची अट होती, सलग सात दिवस सकाळी स्वतःचं कार्ड घासून यंत्रापाशी हजर राहायचं, मगच रजा. पुण्यात त्याच्या मुलीचं बारसं दोनदा पुढे गेलं होतं. आणि नेमका मंगळवारी तो तापाने खोलीवर पडला, कार्ड ऑफिसातच. म्हणजे सात दिवस पुन्हा पहिल्यापासून.

वैतागून त्याने मंगळवारची यादी काढली. चाळीस कामगार, सगळे पाच अठ्ठावन्नला हजर!

“इलियासभाई, सगळ्यांची कार्डं तुम्हीच घासलीत ना?”

वीस वर्षं हजेरी लिहिणाऱ्या इलियासभाईंनी चहाचा घोट घेतला. “बसमधून उतरता उतरता माझ्या हातात देतात. उकाड्यात रांग कशाला लावायची?”

“मग यंत्र कशाला बसवलं मी? मॅनेजरला सांगावंच लागेल.”

“सांगा की, साहेब. पण आधी यादी शेवटपर्यंत वाचा.”



एकेचाळिसावं नाव हेमचंद्रचं होतं.