गाठींचा दोर

गाठी मारलेला ओला दोर नावाड्याने बांधकाम खात्याच्या साहेबांपुढे आदळला. "तिसऱ्या खांबापाशी हा सात हातांवर तळाला टेकायचा. आज अकरा हात गेला. खांबाखालची वाळू पुराने नेली, पूल बंद करा."

साहेबांनी लॅपटॉप फिरवला. "आमचं एआय म्हणतंय, पुरात इथली वाळू हलतच नाही. तुमच्याच वीस वर्षांच्या खोलीच्या नोंदी वाचून शिकलंय ते."

नावाड्याचं डोकं फिरलं. "पुरात होडी घालायची नाही, आदल्या दिवसाचाच आकडा लिहायचा, हा हुकूम तुमच्याच कचेरीचा. ते खोटं शिकलं, अन् तुम्ही त्याच्या भरवशावर एसटी सोडणार?"

साहेबांनी फोन काढला. पलीकडच्या काठावरच्या आपल्या ड्रायव्हरला हळूच सांगितलं, "पुलावरून नको, तू धरणावरून फिरून ये."

नावाड्याने ते ऐकलं. दोर उचलून त्याने पुलाच्या तोंडाशी आडवा बांधला.