खालचा आकडा

"झालं बराबर," म्हणत रागिणीनं वही गीतांजलीमावशीकडे सरकवली.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एकच. दहावीतल्या रागिणीनं सरळ एच-टू-ओच्या शेवटी एक बारकासा दोन लिहून समीकरण जुळवून टाकलं होतं.

गीतांजलीला हसू आलं. "खालच्या आकड्याले हात नाही लावायचा, बाई. टाकायचा तो आकडा पुढं टाकायचा."

"कावून? दोन्हीकडं सारखे तर झाले."

"झाले. पण ते पाणी नाही राहिलं न. दुसरंच काही होऊन गेलं. पेता येते का ते?"

रागिणी खोडरबर शोधू लागली.

जठारपेठेतल्या त्या आजोळघराच्या पुढच्या खोलीत गीतांजलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. रागिणीची आई ललिता जाऊन वर्षही झालं नव्हतं. मोर्शीहून रागिणीचे बाबा श्यामराव आले होते, सोबत त्यांची आई पार्वताबाई. "लेकरू मावशीजवळच राहीन. परकी बाई घरात नको. साऱ्याइचंच बराबर होते," त्या समजावत होत्या. गीतांजलीचे वडील किसनराव नुसतेच मान हलवत होते. अमरावतीला एम.एस्सी.ला गीतांजलीचा नंबर लागला होता. तो विषय कोणी काढलाच नाही.

"गीता, बाहेर ये व माय."

ती येऊन पाटावर बसली. पार्वताबाईंनी कुंकू लावलं, ओटीत नारळ आणि हिरवी साडी घातली. "दिवाळीले ललितासाठीच घेतली होती. घडीही नाही मोडली व बिचारीनं."

बहिणीची साडी, बहिणीचा नवरा. नाही म्हणायला गीतांजलीनं तोंड उघडलं, पण दारात उभी रागिणी दिसली आणि तिनं ओटीतला नारळ सावरला. श्यामरावांनी एकदाही मान वर केली नाही.

पार्वताबाईंनी डोळे पुसले. "रागिणी, आजपासून मावशी नाही म्हणायचं. जाय, आईले पाणी आण."

रागिणी आत गेली. माठातून पेला भरून आली. सगळे बघत होते. मावशीनं घ्यायला हात पुढं केला, पण रागिणी तिच्यासमोरून तशीच पुढं गेली. भिंतीवर ललिताचा हार घातलेला फोटो होता. त्याखालच्या फळीवर तिनं पेला ठेवला आणि तिथंच हुंदके देत उभी राहिली.

"अव पोरी, हे काय—" पार्वताबाई पुटपुटल्या.

गीतांजलीचा हात अजून तसाच पुढं होता. तो तिनं हळूच मागं घेतला. डोळे भरून आले होते, तरी वही तपासताना म्हणते तशाच आवाजात ती म्हणाली,

"बराबर."