बिघडलेलं मीटर

वीज तोडून, स्विचला लाल पट्टी अडकवून मेकॅनिककाकांनी विमानाच्या इंजिनातल्या उष्णता-सेन्सरला मीटर लावलं. आकडाच येईना. शंका नको म्हणून मीटर आकडा आधीच ठाऊक असलेल्या एका रेझिस्टरला लावलं, तर आकडा चोख आला. “सेन्सर गेलाय, साहेब. इंजिनाला आग लागली तरी वैमानिकाला कळायचं नाही.” मुलाच्या वयाच्या साहेबांनी घड्याळ बघितलं. “काका, तुमचं मीटरच बिघडलंय. तसं लिहा आणि विमान सोडा. निवृत्तीला चार महिने राहिलेत, कशाला डोक्याला ताप?” काकांनी लॉगबुकात तसं लिहून सही केली. तपासणीला पाठवलेलं मीटर चौथ्या दिवशी परत आलं, सोबत चिठ्ठी: मीटर निर्दोष. काका धावत साहेबांकडे गेले. “आता तरी विमान थांबवा!” साहेबांनी चिठ्ठी वाचून काकांच्या पाठीवर थाप मारली. “छान! म्हणजे कशातच दोष नाही.” खिडकीबाहेर त्याच विमानात माणसं चढत होती, आणि लॉगबुकात सही काकांची होती.