मिरजगावच्या रानात

मिरजगावच्या अलीकडं इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. समोरचा पंखा फिरता फिरता थांबला. आता नुसता वाऱ्याचा आवाज येत होता.

पंकजानं आधी विमानाचं नाक खाली केलं, वेग सांभाळला. मग इंधनाची दुसरी टाकी जोडून इंजिन पुन्हा चालू करून पाहिलं. एकदा. परत एकदा. ते काही चालू होईना. रेडिओवर तिनं संकटाचा निरोप दिला. शेजारच्या सीटवर तिच्या सासूबाई, राहीबाई, पदर गच्च धरून बसल्या होत्या.

खरं तर हे पंकजाचं शेवटचं उड्डाण. दोघांपुरतं ते जुनं विमान संभाजीनगरहून बारामतीला न्यायचं, तिथल्या गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं आणि एसटीनं कोपरगावला घरी परतायचं, असं ठरलं होतं. राहीबाईंनी सुनेला कधी अडवलं नव्हतं. पण ती वर गेली की त्या घास तोंडात घालत नसत. ती उतरून फोन करीपर्यंत ओट्यावर बसून राहत. दिवाळीत एकदा त्यांनी नुसते हात जोडले. "बास कर गं बाई आता." पंकजाला ते बघवलं नाही. तिनं विमान विकायला काढलं.

आज निघताना मात्र राहीबाई म्हणाल्या, "शेवटचंच हाय तर मी बी येते. माझ्यापायी तू काय सोडतीयास, ते बघू दे तरी मला."

आणि आता हे असं.

"इंजन बंद पडलं का गं?" राहीबाईंनी विचारलं.

"हो, आत्याबाई. शेतात उतरवावं लागेल. पट्टा घट्ट करा. मी सांगितलं की डोकं खाली घ्या."

"बरं. तू माझ्याकडं बघू नगंस. म्होरं बघ."

खाली रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. तिथं जागा नव्हती. रस्त्यापलीकडं उसाचा फड, मग विजेच्या तारा. तारांच्या पुढं काढणी झालेलं ज्वारीचं लांबट रान दिसलं. पंकजा तिकडं वळली. तारा चाकांखालून सरकल्या. "डोकं खाली!" ती ओरडली. चाकं ढेकळांवर आपटली, विमान उसळलं, परत टेकलं, धसकटं तुडवत, हादरे देत धावलं. शेवटी पुढचं चाक मातीत रुतलं आणि बांधाच्या जरा अलीकडं ते थांबलं.

रानात कडब्याच्या पेंढ्या बांधणारे सहादेव नावाचे शेतकरी आणि त्यांची बायको धावत आले. त्यांनी दोघींना खाली घेतलं, लिंबाच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

पंकजानं तांब्या तोंडाला लावायला घेतला. पाणी अंगावर सांडलं. तिला रडू फुटलं. राहीबाईंनी तिचे हात मांडीवर घेतले आणि पदरात गुंडाळून धरले.

"तुमचंच खरं होतं, आत्याबाई," ती हुंदके देत म्हणाली. "आज तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? नको आता ते उडणं. सुटले एकदाची."

तेवढ्यात पंकजाचा मोबाईल वाजला. बारामतीचं गिऱ्हाईक, विमान कुठवर आलं म्हणून विचारत होतं. पंकजाला बोलवेना. राहीबाईंनी फोन घेतला.

"मी तिची सासू बोलते. इमान मिरजगावला रानात उतरलंय. दुरुस्त करून घेऊ आमी. आन आमाला ते इकायचं न्हाई."

त्यांनी फोन ठेवला. पंकजा रडायची थांबली.

"अहो आत्याबाई, आत्ता मरता मरता वाचलो आपण!"

"व्हय की," राहीबाई म्हणाल्या. "तू वर गेलीस का दर टायमाला हेच यायचं मनात, इंजन बंद पडलं तर माझी पोर काय करंल. आज बघितलं, काय करती ती."